आधी फाइली, मग लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट बंद झाली. ही प्रणाली बाजारात आली २९ जुलै २०१५ला, म्हणजे तिला दहा वर्षे आणि अडीच महिने मिळाले. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११च्या अटी अशा : किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. इंटेलची आठवी पिढी आली २०१७मध्ये. त्यामुळे २०१६ साली घेतलेला, ८ जीबी रॅमचा, आजही ठणठणीत चालणारा संगणक या यादीत बसत नाही. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३मध्ये अंदाज केला होता की अशा कारणाने जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. ज्यांना मुदतवाढ हवी त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने एका वर्षाची सोय ठेवली. तिचा दर ३० डॉलर, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या वर. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप ठेवला तर ती फुकटही मिळते. पण ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहे.

दुसऱ्या बाजूला लिनक्स आहे. किंमत शून्य. लिनक्स मिंटची २२वी आवृत्ती जुलै २०२४मध्ये आली, तिला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ती २ जीबी रॅमवर सुरू होते आणि तिला २० जीबी जागा पुरते. डेबियन या जुन्या वितरणाची १३वी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली, तिच्यासोबत ६९,८३० सॉफ्टवेअर पॅकेजेस मिळतात, सगळी मोफत. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या प्रकल्पाची पहिली घोषणा केली २५ ऑगस्ट १९९१ला. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७पासून त्या यादीतले ५००च्या ५०० संगणक लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी नोव्हेंबर २०२०च्या यादीत ६३वा आला, तोही त्यांतलाच. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच.

असे असूनही घरच्या आणि कचेरीतल्या टेबलावर लिनक्सचा वाटा किती? वेबपानांच्या भेटी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या आकडेवारीत तो फेब्रुवारी २०२४मध्ये पहिल्यांदा ४ टक्क्यांच्या वर गेला. घोषणेपासून ३२ वर्षे उलटल्यावर शंभरांत चार.

फुकट, टिकाऊ, महासंगणकाला पुरेल इतकी दमदार, आणि तरीही शंभरांत चार. याचा अर्थ लोकांना अडवणारी गोष्ट किंमत नाही. अडचण कुठे आहे हे पाहायचे तर ज्यांनी एकदोन नव्हे, हजारो संगणक बदलले त्यांचे हिशेब उघडून बघायला हवेत. मी केरळ, म्युनिक आणि फ्रान्सची जांदार्मरी अशी तीन उदाहरणे घेतो. तिन्हींतून मला एकच गोष्ट दिसते : ऑपरेटिंग सिस्टिम ही बदलायची शेवटची गोष्ट आहे. आधी बदलायच्या त्या फाइली आणि रोजची सॉफ्टवेअरे. आणि त्याहीआधी, अडल्यावर कुणाला विचारायचे हे ठरलेले हवे.

सुरुवात केरळपासून, कारण तिथला आकडा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत जास्त वेळा सांगितला जाणारा आहे. २०१९च्या मे महिन्यात केरळच्या ‘काइट’ या शिक्षण-तंत्रज्ञान संस्थेने शाळांसाठी उबुंटू या लिनक्स वितरणावर बेतलेली नवी आवृत्ती आणली. ती दोन लाखांवर संगणकांवर बसणार होती आणि त्यातून ३,००० कोटी रुपये वाचतील असे सांगण्यात आले. भागाकार करून पाहा. ३,००० कोटींना २ लाखांनी भागले की दर संगणकाला दीड लाख रुपये येतात. दीड लाखाला तर पाच-सहा संगणक येतील, मग एका संगणकावरच्या सॉफ्टवेअरचे दीड लाख कसे? २०१७ साली हीच बचत ३०० कोटी सांगितली होती. तेव्हा हिशेबात २० हजार संगणक धरले होते. दर तोच, दीड लाख. बदलली ती फक्त संगणकांची संख्या.

या दीड लाखात विंडोज आहे, ऑफिस आहे, आणि त्याच्या जोडीला चित्रांचे, व्हिडिओचे, ॲनिमेशनचे, नकाशांचे, भूमितीचे असे प्रत्येक विषयाचे महागडे सॉफ्टवेअर धरलेले आहे. मोफत आवृत्तीत यातले सगळे आहे म्हणून तुलनेला सगळे घेतले. हिशेब खोटा नाही, पण तो न केलेल्या खरेदीचा आहे. कोणत्याही राज्याने दर शालेय संगणकामागे दीड लाखाचे सॉफ्टवेअर घेतले नसते. म्हणून ३,००० कोटी सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडले असे कुणी समजू नये. माझ्या मते या आकड्याचा खरा अर्थ वेगळा आहे आणि तो पैशांहून मोलाचा आहे : एरवी जी साधने गावातल्या शाळेच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती, ती तिथल्या मुलांच्या हातात पडली.

केरळच्या यशाचे खरे आकडे परवान्यांचे नाहीत, माणसांचे आहेत. ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प २००१ साली सुरू झाला. पहिली काही वर्षे तिथेही विंडोजच होते. मग टप्प्याटप्प्याने शिक्षकांना प्रशिक्षण, त्यानंतर पाठ्यपुस्तके, त्यानंतर परीक्षा अशा क्रमाने सगळे मुक्त सॉफ्टवेअरवर आणले गेले. २०१७पर्यंत प्रशिक्षित शिक्षकांची संख्या दीड लाखाच्या घरात होती. पुढच्या वर्षी ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळे दोन हजारांच्या आसपास शाळांत निघाली. ही मुले शाळेतले बिघाड स्वतः पाहतात, आणि गावात शिबिरे घेऊन लोकांच्या संगणकांवर लिनक्स बसवून देतात. प्रिंटर चालेना तर शेजारच्या वर्गातली मुलगी येते. बाहेरून माणूस यायची वाट पाहावी लागत नाही.

योगायोग असा की आपल्याकडे एमएस-सीआयटी सुरू होण्याचा काळही साधारण तोच. संगणक साक्षरतेचा हा अभ्यासक्रम महाराष्ट्रात एक कोटीच्या वर लोकांनी केला. शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागते म्हणून तो तालुक्यातालुक्यात पोचला. एवढे मोठे जाळे देशात फार थोड्या राज्यांनी उभारले असेल. पण अभ्यासक्रमाचा गाभा विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस असाच राहिला. पत्र कसे लिहावे, तक्ता कसा करावा यापेक्षा कुठल्या कंपनीच्या कुठल्या मेनूत काय आहे हे शिकवले की त्या मेनूबाहेर गेल्यावर माणूस अडखळतो. एक कोटी लोकांची सवय हा महाराष्ट्रातला बदलाचा सर्वांत मोठा खर्च आहे, आणि तो कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

आता म्युनिक. २००३ साली या शहराच्या पालिकेकडे १४ हजारांच्या आसपास संगणक होते, बहुतेकांवर विंडोज एनटी ४. तिची मुदत संपत आली होती. म्हणजे परिस्थिती आपल्या आजच्या विंडोज १०सारखीच. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्कीइंगची सुटी अर्धवट टाकून महापौर क्रिस्तियान उडे यांना भेटायला आले. त्या वेळी वृत्तपत्रांत आलेले आकडे असे : मायक्रोसॉफ्टची पहिली बोली ३ कोटी ६६ लाख डॉलर, लिनक्सची ३ कोटी ९५ लाख. मायक्रोसॉफ्टने उतरत उतरत शेवटी २ कोटी ३७ लाखांवर आणली. तरीही मे २००३मध्ये नगरपरिषदेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला.

फुकटची म्हणवली जाणारी प्रणाली इथे दीड कोटीहून अधिक डॉलरनी महाग होती. कारण लिनक्सच्या बोलीत परवान्याचा खर्च जवळजवळ नव्हता, पण प्रशिक्षण, जुन्या सॉफ्टवेअरची फेरजुळणी आणि साचे नव्याने बनवणे हे सगळे होते. म्युनिकने ते पैसे डोळे उघडे ठेवून दिले. एकाच कंपनीच्या वेळापत्रकावर शहराचा कारभार चालू नये, ही त्यामागची भूमिका होती.

मग काम किती चालले? पहिले संगणक बदलायला २००६ उजाडले आणि प्रकल्प पुरा व्हायला २०१३चा डिसेंबर. तोवर १४,८०० संगणक ‘लिमक्स’ या त्यांच्या स्वतःच्या आवृत्तीवर आले होते. निर्णयापासून दहा वर्षे. यातला मोठा वेळ लिनक्स बसवण्यात गेलाच नाही. पालिकेत विसाहून अधिक विभाग होते आणि प्रत्येकाची संगणक व्यवस्था वेगळी. पत्रांचे, अर्जांचे, दाखल्यांचे साचे आणि मॅक्रो मिळून २० हजारांच्या वर निघाले, बरेचसे एकमेकांच्या नकला. ते गोळा करायचे, नकला काढून टाकायच्या, उरलेले ओपन ऑफिसमध्ये नव्याने बांधायचे हे खरे काम. त्यासाठी पालिकेने ‘वोलमक्स’ नावाचे स्वतःचे साधन लिहून घेतले.

२०१२च्या अखेरीस पालिकेने हिशेब मांडला : लिमक्सचा खर्च सुमारे २ कोटी ३० लाख युरो, तेच विंडोज आणि ऑफिसवर राहिलो असतो तर ३ कोटी ४० लाख. बचत १ कोटी १० लाख युरो. हा आकडा जगभर गाजला. १४,८०० संगणकांत वाटला तर दर संगणकाला साधारण ७४० युरो पडतात आणि दहा वर्षांत विभागला तर वर्षाला ७४. केरळच्या दीड लाख रुपयांशेजारी हे ७४ युरो ठेवले की बचतीचे आकडे किती वेगवेगळ्या रीतींनी काढले जातात ते कळते. मायक्रोसॉफ्टने एचपीकडून करून घेतलेल्या अभ्यासात तर लिमक्सचाच खर्च ६ कोटी युरोंच्या वर दाखवला होता. कोणाचा आकडा कोणत्या वर्षापर्यंतचा, कोणत्या कामांसह, आणि कोणाच्या पैशांनी काढलेला, हे विचारल्याशिवाय यातला एकही उचलू नये.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २०१४मध्ये महापौर बदलले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वर आल्या, आणि नोव्हेंबर २०१७मध्ये पालिकेने पुन्हा विंडोजकडे जायचे ठरवले. एव्हाना संगणक २९ हजारांवर पोचले होते आणि नुसत्या विंडोजकडे परतण्याचा अंदाज सुमारे ५ कोटी युरोंचा होता. जाण्याला जेवढे लागले त्याच्या दुपटीहून जास्त परतण्याला. २०२० साली सत्तेत आलेल्या नव्या आघाडीने आपल्या करारात पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य लिहिले.

म्युनिक म्हणजे लिनक्सचे अपयश, असे सरसकट म्हटले जाते. मला ते पटत नाही. तक्रारी पाहिल्या तर बऱ्याचशा ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्हत्याच. बाहेरून आलेली वर्डची फाइल इथे उघडल्यावर तक्ता सरकतो, कॅलेंडर फोनशी जुळत नाही, दुरुस्तीला माणूस वेळेवर येत नाही, अशा त्या होत्या. विसाहून अधिक विभागांचे विसाहून अधिक कारभारी राहिले, आणि चूक कुठेही झाली तरी बोट लिनक्सकडे दाखवणे सोपे होते.

जांदार्मरी हे फ्रान्सचे लष्करी शिस्तीचे पोलिस दल. गावखेड्यांतली आणि छोट्या शहरांतली सुरक्षा त्यांच्याकडे असते. त्यांचा क्रम वर्षांनिशी द्यावा असा आहे. २००४-०५मध्ये त्यांनी मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून ओपन ऑफिस आणले. खाली विंडोज एक्सपी तसेच ठेवले. हे झाले ९० हजार संगणकांवर. २००६मध्ये ब्राउझर फायरफॉक्स आणि ई-मेलसाठी थंडरबर्ड. विंडोज अजून तिथेच. २००८मध्ये, विंडोज व्हिस्टा घ्यायची की नाही हा प्रश्न उभा राहिला तेव्हा, त्यांनी उबुंटूचा निर्णय घेतला. जानेवारी २००९पर्यंत ५ हजार संगणक झाले. २०१३च्या मेपर्यंत ३७ हजार, २०१४च्या जूनपर्यंत ६५ हजार. जून २०२४मध्ये आकडा होता १,०३,१६४, म्हणजे त्यांच्या एकूण संगणकांपैकी ९७ टक्के.

पहिली चार वर्षे त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमला हातच लावला नाही. शिपाई सकाळी येऊन जे उघडतो ते पत्राचे सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि मेल. तिन्ही आधीच बदलून अंगवळणी पडली होती. त्यामुळे एके दिवशी त्यांच्या खालची विंडोज काढून उबुंटू घातली तेव्हा त्याच्या रोजच्या कामात फारसे काही हलले नाही. बदल झाला तो बटणांच्या चित्रांत आणि सोबत येणाऱ्या खेळांत. २००४ ते २००९ या काळात सुमारे ५ कोटी युरो वाचले असे दलाने सांगितले, आणि पुढे एकूण वापरखर्च ४० टक्क्यांनी उतरल्याचेही.

म्युनिकनेही काही विभागांत ओपन ऑफिस आधी आणले होते, हे नोंदवायला हवे. म्हणजे क्रमच सगळे काही नाही. जांदार्मरीत हुकूम एका ठिकाणाहून येतो, तांत्रिक विभाग एकच आहे आणि दर चार-पाच वर्षांनी निवडणुकीत तो बदलत नाही. व्हिएन्नाने तर उलट टोकाला जाऊन कर्मचाऱ्यांना हवे तर लिनक्स, नको तर विंडोज अशी मोकळीक दिली होती. बालवाड्यांतली मुलांची भाषा तपासण्याचे सॉफ्टवेअर फक्त इंटरनेट एक्स्प्लोररवर चालते असे निघाले आणि तिथले संगणक २००८च्या सुमारास पुन्हा विंडोजवर गेले. एका सॉफ्टवेअरने सगळा डाव उलटवला.

सध्या जर्मनीतले श्लेस्विग-होल्श्टाइन हे राज्य जांदार्मरीच्याच वाटेने जात आहे. एप्रिल २०२४मध्ये ३० हजार कर्मचाऱ्यांसाठी निर्णय झाला : पहिल्यांदा लिब्रे ऑफिस, मग मेल, लिनक्स सर्वांत शेवटी. २०२५च्या ऑक्टोबरपर्यंत ४० हजारांवर मेल खाती आणि १० कोटींहून जास्त मेल व नोंदी हलवून झाल्या. राज्य सरकारच्या मते परवान्यांचे वर्षाला दीड कोटी युरो वाचतील आणि एकदाच करायचा खर्च ९० लाख आहे. भागाकार केला तर हा खर्च सात-साडेसात महिन्यांत वसूल होतो. ३० हजारांनी भागल्यास वर्षाला माणशी ५०० युरो. म्युनिकचे ७४ कुठे आणि हे ५०० कुठे? दोन्ही हिशेब काटेकोरपणे सारखे नाहीत, पण फरकाचे मोठे कारण उघड आहे. म्युनिकच्या काळात सॉफ्टवेअर एकदा विकत घेऊन सात-आठ वर्षे वापरत. आता ते दरमहा, दर माणशी भाड्याने मिळते. भाडे सुरू झाल्यापासून बदलाचे गणित फिरले आहे.

हे सगळे मराठी वाचकाच्या टेबलावर आणून पाहिले तर आपला अडथळा युरोपाहून वेगळा निघतो. आपल्याकडे फाइलींच्या आतले अक्षरच अडकलेले आहे. युनिकोड १९९१ साली आले आणि पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीला १२८ जागा आहेत. पण आपल्या कचेऱ्या, छापखाने, न्यायालयाबाहेरचे टंकलेखक पुढची पंधरा-वीस वर्षे सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती अशा साधनांवर काम करत राहिले. सी-डॅकच्या ‘सुरेख’ नावाच्या फॉन्टमध्ये टंकलेला ‘सभा’ हा शब्द घ्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की पडद्यावर दिसते : एक बारीक गोल, मग डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ई, मग मधोमध तुटलेली उभी रेघ, आणि पुन्हा तोच ई दोनदा. गोल म्हणजे अर्धा स, तुटकी रेघ म्हणजे अर्धा भ, आणि तो ई म्हणजे काना. दोन अक्षरांच्या शब्दाला पाच खुणा, आणि त्यांतली एकही संगणकाच्या लेखी मराठी नाही. युनिकोडमध्ये हाच शब्द स, भ आणि काना अशा तीन संकेतांत बसतो आणि विंडोज असो, लिनक्स असो, फोन असो, सगळीकडे ‘सभा’ असाच दिसतो.

मराठी माणूस लिनक्स बसवतो, जुनी फाइल उघडतो, कचरा दिसतो, आणि म्हणतो, ‘लिनक्सवर मराठी चालत नाही.’ ती फाइल नव्या विंडोजवर उघडली तरी तोच कचरा दिसेल. सुरेख फॉन्ट लिनक्समध्ये टाकला तर वाचता येईलही, पण टंकणारे आयएसएम विंडोजचे, त्यामुळे दुरुस्ती करता येणार नाही. उपाय एकच, रूपांतर. परिवर्तक सॉफ्टवेअरे मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरे कधी कधी सरकतात, म्हणून नजर फिरवावीच लागते. एखाद्या गृहनिर्माण संस्थेची महिन्याला एक सभा धरली तर वीस वर्षांची २४० इतिवृत्ते होतात. एकेकाला दहा मिनिटे दिली तर ४० तास. लिनक्सकडे जाण्याची त्या संस्थेची किंमत ही ४० तासांची आहे, आणि विंडोज ११ घेतले तरी ती चुकणार नाही.

रूपांतर झाले की पुढची वाट मात्र सोपी आहे. उबुंटू किंवा मिंटमध्ये कळफलकाच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट आहे आणि उच्चारानुसार टंकायची सोयही आहे. लोहित आणि नोटो हे देवनागरी फॉन्ट मिळतात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे देखणे फॉन्ट मोफत टाकून घेता येतात. लिब्रे ऑफिसच्या ओडीएफ या फाइल-प्रकाराला २००६पासून आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे.

आणि मोठ्या प्रमाणावर हे आपल्याकडे चाललेलेही आहे. देशातल्या ई-कोर्ट प्रकल्पात १८,७३५ जिल्हा आणि कनिष्ठ न्यायालयांचे संगणकीकरण झाले. तिथली संगणकप्रणाली मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे, न्यायाधीशांच्या लॅपटॉपवर न्यायालयांसाठी जुळवून घेतलेली उबुंटू आहे, आणि खटल्यांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने घडवले. तारीख कधी लागली हे मोबाइलवर पाहणाऱ्या पक्षकाराला पडद्यामागे लिनक्स आहे याची कल्पनाही नसते. ते सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालते, म्हणून खालची प्रणाली कोणती याने कारकुनाच्या कामात फरक पडत नाही. पुण्यात बनलेली ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या किती महाविद्यालयांत शिकवली जाते, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे.

घरच्या संगणकासाठी जांदार्मरीचा क्रम छोटा करून वापरता येतो. पहिला महिना विंडोज तशीच ठेवून तिच्यावर लिब्रे ऑफिस आणि फायरफॉक्स टाकावे आणि रोजचे सगळे काम त्यांतच करावे. पत्ता, पगार, हप्ते यांचे जे तक्ते खरोखर लागतात ते उघडून पाहावेत. इथेच जमले नाही तर पुढे जाऊ नये, काही बिघडत नाही. जमले तर सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी. मग ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा. मिंटची फाइल तीन जीबीच्या आतबाहेर असते. ती पेन ड्राइव्हवर चढवून संगणक त्यावरून सुरू केला की संगणकातल्या डिस्कला हात न लावता लिनक्स चालून दिसते. पहिली पाच मिनिटे वाय-फायला द्यावीत, पुढची प्रिंटर, स्पीकर, वेबकॅमला. झाकण मिटून उघडावे, संगणक जागा होतो का पाहावे. बँकेचे संकेतस्थळ उघडून बघावे. इथे जे चालले ते बसवल्यावरही चालते, आणि जे अडले ते बसवण्याआधीच कळते.

रॅमच्या आकड्याबद्दल एक खुलासा. २ जीबीवर मिंट सुरू होते हे खरे, पण आजचा ब्राउझर चार-पाच पाने उघडली की तेवढी जागा एकटाच खातो. ४ जीबीवर एका वेळी एक काम नीट होते, ८ जीबीवर कुरकुर राहत नाही. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी घातली तर जो वेग मिळतो तो कुठल्याही प्रणालीच्या बदलाने मिळणार नाही. दोन्ही करावे. लॅपटॉप आयुष्यभरात जेवढे कार्बन उत्सर्जन घडवतो त्यातला मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो, म्हणून चालणारा संगणक चार-पाच वर्षे आणखी चालवणे ही मला साधी काटकसर वाटत नाही.

आणि काही संगणक बदलू नयेत. दुकानाचा हिशेब टॅलीवर आहे, लग्नपत्रिका कोरल ड्रॉमध्ये बनतात, अंकाची जुळणी अजून पेजमेकरमध्ये होते, तिथे लिनक्स रेटून बसवण्यात अर्थ नाही. ही सॉफ्टवेअरे आज लिनक्ससाठी मिळत नाहीत आणि वाइनसारख्या मधल्या साधनावर ती चालली तरी ऐन मार्चअखेरीला किंवा लग्नसराईत अडकायचा धोका कुणी घेऊ नये. त्या एका संगणकाला विंडोजची मुदतवाढ घ्यावी. ३० डॉलरचा एक परवाना एकाच खात्यावरच्या दहा संगणकांपर्यंत चालतो. घरातला दुसरा संगणक, ज्यावर मुले अभ्यास करतात आणि आजोबा वर्तमानपत्र वाचतात, तिथून सुरुवात करावी.